रोपांना शेडनेट, काकांना गोणपाट

सोलापूर रस्त्यावर पहाटे उभं राहिलं की सोरतापवाडी-उरुळी कांचनकडून पुण्याला निघालेल्या रोपांच्या गाड्या दिसतात. हौद्यावर बांबूच्या कमानी, त्यावर हिरवी शेडनेट, नेटच्या कडा सुतळीनं फाळक्याला आवळलेल्या. आत गुलाब, जास्वंद, क्रोटनच्या पिशव्या एकमेकींना टेकून उभ्या. वाऱ्यानं शेंडा मोडू नये, हडपसरच्या सिग्नलला ऊन लागून पान करपू नये म्हणून एवढा बंदोबस्त. आमच्या नर्सरीतूनही माल असाच निघतो आणि तो असाच निघायला हवा. कोवळ्या रोपाला तासभर गरम वारा लागला तर ते गिऱ्हाइकाच्या दारात मान टाकतं.

त्याच गाडीच्या पुढच्या भागात, पत्र्याच्या एका भिंतीपलीकडे इंजिन असतं आणि अलीकडे माणूस. इंजिन तापू नये म्हणून रेडिएटर आहे, पंखा आहे, कूलंट आहे. माल तापू नये म्हणून नेट आहे. मधल्या माणसासाठी पत्र्याला आतून लावलेला जाड अस्तराचा जो नमदा गाडीबरोबर आलेला असतो तो वीस वर्षांत तेल पितो, पाणी धरतो, उंदीर त्यात घर करतात आणि एक दिवस त्याचा भुगा होतो. हा काही गाडीचा दोष नाही, वयाचा आहे. पण टायर झिजला की मालक टायर टाकतो, ताडपत्री फाटली की ताडपत्री आणतो. नमदा संपला की मात्र पायाशी दुमडलेलं गोणपाट येतं आणि तेच कायमचं होतं. आमची गाडी चालवणाऱ्या काकांच्या डाव्या पायाखाली असं गोणपाट मी कित्येक वर्षं बघत आले.

आमची गाडी २००४ सालची टाटा ४०७. हे मॉडेल १९८६ मध्ये आलं, पुण्यातच घडलं, आणि जिल्ह्यातल्या भाजीपाल्यानं, दुधाच्या कॅननी, विटांनी, लग्नाच्या वऱ्हाडांनी त्याला आपलं मानलं. नावातला चार म्हणजे साधारण चार टनांचा गट, पुढचा सात म्हणजे सत्तरच्या आसपास अश्वशक्ती. रचनेला सेमी फॉरवर्ड म्हणतात: इंजिनाचा काही भाग पुढच्या आखूड नाकाडात आणि काही भाग केबिनमध्ये शिरलेला. त्यामुळे गाडीची लांबी कमी राहते, ती पेठांतल्या बोळांत वळते, हौद्याला जागा मिळते. ही सोय ज्याच्या जिवावर होते तो ड्रायव्हर. इंजिनाचा उंचवटा त्याच्या डाव्या मांडीशी, डॅशबोर्डमागचा उभा पत्रा त्याच्या पावलांसमोर. या दोन्हीला मिळून फायरवॉल म्हणायचं. गॅरेजात कुणी एवढं लांब नाव घेत नाही, ‘पुढचा पत्रा’ म्हणतात.

त्या पत्र्याकडे चार कामं असतात. इंजिनात आग लागली तर ती काही वेळ अडवणं, धूर आत येऊ न देणं, उष्णता रोखणं, आवाज रोखणं. नुसता पत्रा यातलं पहिलंच काम बऱ्यापैकी करतो. दुसरं तो भोकं बुजवलेली असतील तरच करतो. उरलेली दोन त्याला एकट्याला जमतच नाहीत, उलट पातळ पत्रा स्वतः थरथरतो आणि इंजिनाचा आवाज केबिनमध्ये नव्यानं वाजवतो.

काकांच्या डाव्या नडगीवर केस नाहीत. कातडी कोरडी, खवलेदार, घोट्याच्या वर जरा काळपट. दिवे घाट चढून सासवडकडे भर दुपारी माल न्यायचा म्हणजे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, कमी वेगात, पुढून वारा नाही आणि इंजिनावर पूर्ण भार. अशा वेळी मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला तापलेला धूर गोळा करून बाहेर नेणारा पाइप, काही शे अंशांवर असतो. डावा पाय क्लचवर असतो, तो उचलून दुसरीकडे ठेवायला जागा नसते. काका त्याबद्दल कधी बोलले नाहीत. घरी आल्यावर बादलीत पाय सोडून बसायचे, आम्हाला वाटायचं थकले आहेत.

कानांचं उशिरा कळलं. फोनवर कुणी ‘साठ रोपं’ म्हणालं की काका वहीत ‘आठ’ लिहायचे. आम्ही त्यांना लक्ष देत नाही म्हणून बोललोसुद्धा. मग कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला: खालच्या सुरांपर्यंत रेघ ठीक, आणि ४,००० हर्ट्झच्या जवळ एकदम खड्डा. गोंगाटात वर्षं काढलेल्या कानाची ही ओळखीची खूण आहे. आतल्या शंखाकृती नळीतल्या केसपेशी मरतात, माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत, आणि आधी मरतात त्या उंच सुरांच्या. स, श, फ ही व्यंजनं त्या वरच्या पट्ट्यात असतात. म्हणून ‘साठ’मधला स गळतो आणि ‘आठ’ उरतो. म्हणून बायकांचं आणि लहान मुलांचं बोलणं आधी हरवतं, दणदणीत आवाजाचा माणूस मात्र नीट कळतो. कारखान्यात आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही आपल्याकडची मर्यादा आहे, आणि बरेच तज्ज्ञ ८५ पासूनच काळजी घ्यायला सांगतात. मालवाहू गाडीच्या केबिनला पाळीच नसते. पहाटे चारला सुरू झालेला दिवस कुठे संपेल ते मालावर ठरतं.

पुण्यात हे ज्ञान नाही असं मला कुणी सांगू नये. वेताळ टेकडीच्या ज्या बाजूला लोक सकाळी फिरायला जातात आणि जिला सरळ एआरएआयची टेकडी म्हणतात, तिथं ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ पासूनची संस्था आहे आणि गाड्यांचा आवाज आणि कंपन मोजणं हा तिच्या कामाचाच भाग. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज मोजायची पद्धत ठरलेली आहे: गाडीच्या मध्यरेषेपासून ७.५ मीटरवर मायक्रोफोन, जमिनीपासून १.२ मीटर उंच. अशी शिस्त या शहरात आहे. पण ती नव्या गाडीपाशी थांबते. आठ वर्षं झालेल्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस सर्टिफिकेट घ्यावं लागतं. ब्रेक बघतात, दिवे बघतात, धूर बघतात. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलून खाली काय उरलंय ते बघताना मी कुणालाही पाहिलेलं नाही.

म्हणून यंदा पावसाळ्याआधी, नर्सरीची धावपळ सुरू व्हायच्या आत, गाडी फुरसुंगीच्या एका मिस्त्रींकडे उभी केली आणि सांगितलं की सगळा पुढचा पत्रा उघडा करायचा आहे. त्यांनी आधी काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. “ताई, एवढ्यात दोन टायर येतील.” मी म्हटलं, “टायर येतीलच. हेही करायचं.”

बॅटरीची निगेटिव्ह काढली, सीटा काढल्या, रबरी मॅट गुंडाळली, इंजिनाच्या उंचवट्यावरचं कव्हर सोडवलं. जुना नमदा हातात येताना थरांनी निघत होता. वरचा थर कोरडा भुगा, खालचा डिझेल आणि ऑइल पिऊन काळा. मला उष्णतेपेक्षा भीती वाटली ती याची. आग अडवायच्या भिंतीला आम्ही तेलात भिजलेली वात चिकटवून फिरत होतो. काही ठिकाणी नमदा ओला होता, आणि त्याखाली पत्रा पापुद्र्यांसारखा सुटत होता. पुढच्या काचेच्या रबरातून झिरपलेलं पाणी डॅशबोर्डमागून उतरून नमद्यात साचलं होतं. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काहीही दिसलं नसतं. (ऐंशीच्या दशकातली किंवा त्याआधीची गाडी उघडणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: त्या काळच्या काही अस्तरांत आणि गॅस्केटांत फुप्फुसांना घातक असा अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. कोरडं खरवडू नये, हवेच्या पाइपनं उडवू तर नयेच. ओलं करून, चांगला मास्क लावून काढावं.)

संध्याकाळी मिस्त्रींनी जे केलं ते मला फार आवडलं. शटर अर्धं खाली ओढलं, बोनेटखाली विजेचा दिवा ठेवला, काचांवर चादरी टाकल्या आणि मला केबिनमध्ये बसवलं. काळोखात पत्र्यातलं एकेक भोक उजळलं. क्लचच्या पेडलभोवती, स्टीअरिंगच्या दांड्याचं रबर फाटलं होतं तिथं, वायरिंगच्या जाड जुडग्याभोवती, आणि कुणीतरी कधीतरी टेप आणि हॉर्न बसवताना ड्रिल मारून तशीच सोडलेली भोकं. मी खडूनं गोल करत गेले.

या भोकांचं गणित ध्यानात घेतलं नाही तर पुढचा सगळा खर्च पाण्यात जातो. भिंतीचा शंभरातला एक भाग जरी उघडा राहिला, तरी बाकीची भिंत कितीही जाड करा, ती २० डेसिबलच्या पुढे रोखू शकत नाही. आवाज जाड भाग तोडत बसत नाही, फटीतून येतो. धूरही तिथूनच येतो, आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड तर वासानंसुद्धा कळत नाही. घाटात काकांचं डोकं का धरायचं याचं उत्तर त्या खडूच्या गोलांमध्ये असावं असं मला वाटतं. नाना पेठेत जाऊन भोकाच्या कडेला बसणारे रबरी ग्रोमेट, पेडलभोवतीची फट झाकणारी रबरी बुटं, स्टीअरिंगचं तसंच बूट आणलं. रिकामी भोकं पत्र्याच्या टिकल्यांनी आणि सीलंटनं बंद केली. या सामानाचा खर्च सगळ्यात कमी आला आणि फरक बहुधा सगळ्यात जास्त यानंच पडला.

गंज तारेच्या ब्रशनं काढून, कुजलेल्या दोन जागी नवा पत्रा वेल्ड करून, रेड ऑक्साइड मारून वाळू दिल्यावर अस्तराचा प्रश्न आला. इथं बाजारात फार गोंधळ आहे. दुकानदार जे काही काळं आणि मऊ असेल त्याला ‘साउंडप्रूफ’ म्हणतात. पण पत्र्याची थरथर, हवेतून येणारा आवाज आणि उष्णता ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांना एक औषध चालत नाही.

थरथर थांबवायला पत्र्याला घट्ट चिकटणारा, चिवट, जड थर लागतो. स्टीलच्या ताटावर चमचा मारून लगेच बोट टेकवलं की नाद जसा तुटतो, तेच काम तो थर करतो. डांबरी शीट स्वस्त मिळते, पण इंजिनाशेजारी ती मऊ पडून ओघळते, म्हणून अ‍ॅल्युमिनियमचं पान लावलेली ब्युटाइल रबराची शीट घेतली. ही सगळा पत्रा झाकायला लागत नाही. मोकळ्या, सपाट जागांच्या मध्यावर पट्टे लावले, एकूण पाव ते अर्धा पत्रा झाकला गेला तरी पुरतं. मात्र पत्रा रॉकेलनं आणि मग थिनरनं स्वच्छ हवा, आणि शीट रोलरनं दाबून हवेचा फुगा न ठेवता बसायला हवी. मिस्त्री अधूनमधून पेरानं ठोकून बघत होते. आधी ‘टण्ण’ वाजणारा पत्रा ‘ठप’ वाजायला लागला की पुढच्या चौकोनाकडे.

हवेतून येणाऱ्या आवाजाला वजनच अडवतं. अडथळ्याचं वजन दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल जास्त अडतात, यात पळवाट नाही. म्हणून नुसता हलका फोम लावून कुणी शांतता विकत असेल तर घेऊ नये. आधी बंद छिद्रांचा नायट्रिल रबराचा फोम, जो एसीच्या पाइपांना गुंडाळतात तो, आणि त्यावर चौरस मीटरला पाच किलोच्या आसपास वजनाची जड व्हिनाइलची शीट. फोममुळे ती शीट पत्र्यापासून सुटी राहते, पत्रा हलला तरी तिला तो हलवू शकत नाही. गादीतला उघड्या छिद्रांचा फोम मात्र इथं अजिबात नको. तो पाणी आणि डिझेल दोन्ही पितो आणि काही वर्षांत पुन्हा तोच भुगा हातात येतो. रविवार पेठेत बोहरी आळीतून रिव्हेट, वॉशर, चिकटवायचं सोल्यूशन घेतलं तेव्हा फोमचा तुकडाही मागून घेतला आणि दुकानाबाहेर, रस्त्याच्या कडेला, पकडीत धरून त्याला काडी लावली. ज्योत काढल्यावर विझतो तो घ्यायचा. जळत राहतो, थेंब गाळतो, तो कितीही स्वस्त असला तरी ठेवून यायचा. एक तुकडा पेटतच राहिला. दुकानदाराला ते रुचलं नाही, पण त्या फोमशेजारी माझे काका बसणार होते.

उष्णतेसाठी इंजिनाच्या बाजूनं वेगळं अस्तर लागतं: काचतंतूंची जाड चटई आणि वर चकाकतं अ‍ॅल्युमिनियम. मॅनिफोल्डपासून येणारी बरीचशी उष्णता किरणांनी येते आणि चकाकतं पान त्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त परत फेकतं. पण ते गरम भागाला टेकता कामा नये, मध्ये हवा हवी. टेकलं की तेच पान उष्णता वाहून आणतं. त्यावर ऑइलचा राप बसला की परत फेकणंही कमी होतं, म्हणून इंजिन धुवाल तेव्हा ते पुसायचं. आणि ते नुसत्या सोल्यूशनवर सोडायचं नाही. तापलं की सोल्यूशन सुटतं आणि चटई पंख्यात किंवा गरम पाइपवर पडते. मिस्त्रींनी रुंद वॉशर घालून बोल्ट मारले. “ही लोंबली ना ताई, तर नमदा नव्हता ते बरं म्हणायची वेळ येईल.”

हे सगळं ठरण्याआधी त्यांचा एक आक्षेप होता आणि तो मला अजून महत्त्वाचा वाटतो. ते म्हणाले, इंजिन ऐकू आलं नाही तर ड्रायव्हरला बिघाड कळणार कसा? या लोकांचं अर्धं ज्ञान कानात असतं. टॅपेट सैल झाला, बेअरिंग गेलं, नोझल ठोकतोय, हे काका पत्र्याआडून सांगायचे. म्हणून हा मुद्दा उडवून लावायचा नाही. पण अस्तर सगळे सूर सारखे रोखत नाही. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर सेकंदाला ५० वेळा पेटतं. तो खालचा घुमारा जवळजवळ तसाच आत येतो आणि गिअर बदलायला तोच लागतो. अडतो तो डिझेलचा कडकडाट, वरच्या पट्ट्यातला, कान खाणारा. टॅपेटचा आवाजही थोडा दबतो हे खरं. त्यावर आमच्यात ठरलं ते असं की रोज सकाळी बोनेट उघडून, इंजिन चालू करून दोन मिनिटं तिथं उभं राहायचं. ऐकायची जागा ती आहे. आणि काकांच्या बाबतीत तर प्रश्नच वेगळा: ज्या कानांनी टॅपेट ऐकायचा तेच कान तो आवाज खाऊन टाकत होता. इंजिनाच्या भल्यासाठी माणसाचा कान जाळायचा, हा हिशेब मला कुठल्याच बाजूनं पटत नाही.

अस्तर घालण्याआधी इंजिन ज्यांवर बसतं ती माउंटिंग रबरं बदलली आणि सायलेन्सरच्या जोडातली गळती बंद केली, ते सांगायला हवं. मुळातला आवाज तसाच ठेवून वर गाद्या चढवायच्या नसतात.

गाडी बाहेर काढली ती दिवे घाटाच्याच रस्त्याला, मागं कुंड्यांचा भार घेऊन. चढावर तिसऱ्यात असताना मी नेहमीच्या आवाजात विचारलं की सासवडला आधी कुठे उतरवायचं, आणि काकांनी उत्तर दिलं. ओरडून नाही. मग थोड्या वेळानं तेच म्हणाले, “अगं, उजव्या बाजूचं दार वाजतंय. आधी कधी कळलं नाही.” मोठा आवाज गेला की त्याखाली दबलेले लहान आवाज वर येतात, त्यामुळे पुढचे काही दिवस दाराचं रबर, काचेची पट्टी, टूलबॉक्सचं झाकण असं एकेक निघत राहिलं. घाटमाथ्यावर काकांनी गोणपाट काढून मागं टाकलं, कुंड्यांच्या फटीत. गेलेला कान परत येणार नाही, डॉक्टरांनी ते स्पष्ट सांगितलं आहे. उरलेला राखायचा आहे.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. फार चांगलं झालं, आणि फार उशिरा झालं. पण सोलापूर रस्त्यावर, चाकणच्या कांद्याच्या बाजारात, मार्केट यार्डाच्या गेटवर ज्या गाड्या आज उभ्या आहेत त्यातल्या कितीतरी वीस-वीस वर्षांच्या आहेत आणि त्यांना हा नियम लागू नाही. त्या आणखी बरीच वर्षं चालतील. त्यांच्या मालकांना मी हात जोडून सांगते: एकदा मॅट उचलून बघा. एका जोडी टायरच्या आसपास सगळा खर्च येतो. तेवढाही जमत नसेल तर दिवा लावून भोकं तरी बुजवा, तेल प्यालेला नमदा तरी काढून टाका.

आमचं काम अजून संपलेलं नाही. केबिनचं छप्पर राहिलंय, एप्रिलच्या आत तेही करायचं असं मी म्हणतेय. उरलेली ब्युटाइल शीट शेडमध्ये ठेवली आहे. काकांचं म्हणणं वेगळं आहे. “छपराचं मागाहून बघ,” ते म्हणतात, “आधी पुढच्या काचेचं रबर टाक. नाहीतर तुझा नवा नमदा पहिल्या पावसातच पाणी प्यायला.” पुढच्या आठवड्यात नाना पेठेत जाणार आहे.